कप्तानाची तंबाखू

तीर्थस्वरूप दादास, धाकटीचा वाकून नमस्कार.

तुझी तब्येत कशी आहे? वहिनीचा गुडघा जिने चढू देतो का? (ही चौकशी मनापासून आहे. मागच्या पत्रात मी गुडघ्याऐवजी दात विचारला होता, त्यावरून ती रुसली होती असं कळलं. दातही कसे आहेत ते कळव.) इकडे सर्व क्षेम आहे असं पत्रात लिहायचं असतं म्हणून लिहिते, पण दादा, क्षेम कसलं घेऊन बसलास! गेले काही दिवस दाराची कडी वाजली की मी आधी फटीतून बघते. काय झालं ते पहिल्यापासून सांगते. वाचताना मधेच हसू नकोस, आणि शेवटपर्यंत वाच. तुझी सवय मला ठाऊक आहे, पहिलं पान वाचून तू पत्र चष्म्याच्या घरात घालतोस.

आमच्या इमारतीतल्या बायकांचं नाटक बसतंय. वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई दिग्दर्शिका आहेत. त्यांना आम्ही पाठीमागे हुकूमबाई म्हणतो, आणि आता त्या समोरही ओ देतात. नाटकात एक म्हातारा कप्तान आहे, त्याचं जहाज बुडतंय आणि तो शांतपणे पाईप ओढत उभा आहे. ही भूमिका माझ्या वाट्याला आली, कारण माझा आवाज. (लहानपणी तू मला ‘फाटका भोंगा’ म्हणायचास. बघ, कुठे कामाला आला!) पाईप हुकूमबाईंनी जुन्या बाजारातून आणला, उकळत्या पाण्यात बुचकळून काढला आणि माझ्या हातात ठेवला. मी म्हटलं, नुसता तोंडात धरते. तर म्हणाल्या, “खोटा धूर चालायचा नाही. पहिल्या रांगेला ठसका लागला पाहिजे!”

आता हे कोणाच्या घरात? छातीच्या डॉक्टरांच्या! मेणबत्ती विझवली तरी आमच्याकडे खिडक्या उघडतात. ह्यांच्या दवाखान्यात भिंतीवर काळ्या पडलेल्या फुप्फुसाचं एवढं मोठं चित्र आहे की पेशंट खोकायच्या आधी माफी मागतात. त्यातून वेळ अशी, की छातीच्या रुग्णालयाचे प्रमुख म्हणून ह्यांचं नाव पुढे आलेलं. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते पद. विश्वस्तांच्या गाठीभेटी चाललेल्या, घरात कोणी मोठ्यानं शिंकायचं नाही अशी अवस्था. तेव्हा ह्यांना नाटकाचं सांगितलं, पाईपचं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण बायकोला ‘तू पाईप ओढतेस का’ असं कोणता नवरा आपणहून विचारतो?

तंबाखूच्या दुकानात मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. आत शिरले तर बरण्यांच्या रांगा, काउंटरवर पितळी तराजू, आणि मागे एक करड्या टोपीतले गृहस्थ डबे हुंगत उभे. दुकानदारानं विचारलं, कोणासाठी? स्वतःसाठी म्हणायला जीभ रेटेना. मी म्हटलं, “ह्यांच्यासाठी.” तिथेच घोड्यानं पेंड खाल्ली. पुढे तो विचारील त्याला मी मान डोलावत गेले. नवी सुरुवात का? हो. आधी कधी नाही? नाही. खर्च किती करायचा? आता मी घरखर्चातून काय वाचवलंय ते त्याला कसं सांगणार! त्यानं तीन प्रकार मांडले. पहिली स्वस्तातली, बरणीतून सुटी काढून देतो ती. चेरीचा वास, हाताला ओलसर. वास इतका गोड की चमच्यानं खावीशी वाटावी, पण ओली आणि वर साखरेचा पाक, त्यामुळे नवशिक्या भसाभसा ओढतो आणि जीभ पोळून घेतो. दुसरी मधल्या भावाची, डब्यातली, बारीक कातरलेली. वास साधा, पण धीमी जळते. तिसरी महागाची, दाबून वड्या पाडलेली. ती हातानं चुरून भरायची, आणि तिला धुरी दिलेल्या लाकडाचा वास. म्हणाला, नवशिक्यानं महागातली घेऊ नये, चव कळत नाही; अगदी स्वस्तातलीही घेऊ नये, पुन्हा नाव काढत नाही. हात आखडता असेल तर मधली घ्या, पण थोडी घ्या. इतकं समजावल्यावर मी अर्थातच स्वस्तातली घेतली. पुडी बांधता बांधता तो खणखणीत आवाजात म्हणाला, “तुम्ही छातीच्या डॉक्टरांच्या मिसेस ना? छान छान! डॉक्टरांना सांगा, सावकाश ओढा.” करडी टोपी गर्रकन वळली. मी पुडी उचलली आणि सुटे पैसे न घेताच पळाले.

तालमीला जागा म्हणजे गच्चीवरची कपडे धुवायची खोली. तंबाखू ठासून भरली तर धूर येईना. मोकळी भरली तर पेटली आणि भुवई करपली. शेवटी पेटली एकदाची. मी जोरजोरात ओढू लागले. जीभ अशी पोळली की वाटलं, इस्त्रीवरून फिरवली. डोकं गरगरलं. कप्तानाची वाक्यं आठवेनात, जहाज मात्र खरंच हलायला लागलं. तेवढ्यात जिन्यावर ह्यांची पावलं! हे दुपारी कधी येत नाहीत. त्या दिवशी विश्वस्तांची भेट होती म्हणून धुतलेला कोट न्यायला थेट वर आले. दादा, हातात पेटलेला पाईप, खोलीत धुराचा लोट, आणि लपवायला जागा एकच: दोरीवर टांगलेला तोच कोट. मी पाईप त्याच्या खिशात टाकला आणि पाण्याचा नळ सोडला. हे आत आले, नाक वर केलं, म्हणाले, “कसला वास?” मी म्हटलं, साबणाचा, नवा आहे. (जीभ सुजल्यामुळे ‘शाबणाशा’ असं काहीतरी ऐकू गेलं असावं.) ह्यांनी कोटाकडे हात नेला, तशी मी झडप घालून तो ओढला, झटकते झटकते म्हणत पाईप पदराखाली घेतला आणि कोट त्यांच्या अंगावर चढवला. पाईप निघाला, राख, ठिणगी आणि चेरी खिशातच राहिली. तो कोट घालून हा माणूस जन्माची मुलाखत द्यायला गेला. मी खिडकीतून पाहत होते. कोपरा वळेपर्यंत तरी धूर दिसला नाही.

संध्याकाळी परत आले ते कोट न काढताच खुर्चीत बसले. कोटाच्या खिशाला बोट जाईल एवढं भोक. मी चहा पुढे केला. कप हातात घेऊन म्हणाले, “मुख्य विश्वस्तांनी मला डोळा मारला गं.”

मी विचारलं, कशाबद्दल?

“तेच कळत नाही. जवळ आले, कोट हुंगला, पाठीवर थाप मारली, म्हणाले, मधल्या भावाची घ्या डॉक्टर, ही पोरकट आहे. कशाबद्दल बोलत होते?”

मी विचारलं, ते करडी टोपी घालतात का? हे म्हणाले, हो, तुला काय माहीत? मी म्हटलं, मोठ्या माणसांना शोभते. आणि आत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. रात्री मी वरणात दोनदा मीठ घातलं. ह्यांना वाटलं मला त्यांच्या पदाची काळजी. ती होतीच की!

शहाणी बाई इथे थांबली असती. पण प्रयोग तोंडावर, आणि हुकूमबाई म्हणजे हुकूमबाई. त्यांनी नाटकाच्या वर्गणीतून मधल्या भावाचा डबा आणवला. (पडद्याला अस्तर घालायचं राहिलं, त्यामुळे पडद्याआडून आता सगळं दिसतं.) ह्या वेळी मी दुकानदाराचं ऐकलं. तंबाखू थोडा वेळ कागदावर पसरून सुकू दिली. खाली मोकळी भरली, वर जरा दाबली. एकदा पेटवून विझू दिली, वरचा थर हलकेच दाबला, पुन्हा पेटवली. आणि झुरके कसे, तर ऊन कढ जीभ भाजू न देता घेतो तसे. छातीत ओढायचं नाही, तोंडातच फिरवून सोडायचं. सगळं मनासारखं झालं. समोर शेजारणीच्या चादरी वाळत होत्या. मी एक वाक्य म्हटलं, मग पुढचं म्हणायचं राहूनच गेलं.

काल सकाळी कडी वाजली. शिपायानं एक पार्सल दिलं, थेट ह्यांच्या हातात. वर मुख्य विश्वस्तांचं नाव. ह्यांचा चेहरा उजळला. वाटलं, नेमणूक आली! सोडलं तर आत महागातल्या तंबाखूचा डबा आणि चिठ्ठी: नवशिक्यास शुभेच्छा, आता आपली मैफल जमेल. हे डबा हातात धरून उभे. मग सावकाश वळले.

“हा मला कोणी का पाठवावा?”

मी चिठ्ठीची घडी घालू लागले.

“कोटाच्या खिशाला भोक. घराला चेरीचा वास. दुकानदार रस्त्यात मला विचारतो, जीभ बरी आहे का. तू मला काही सांगणार आहेस?”

त्यांचा आवाज चढला असता तर बरं झालं असतं. तो खाली गेला, पेशंटला रिपोर्ट वाचून दाखवताना जातो तसा. तीस वर्षं हा माणूस लोकांच्या छातीला कान लावतो आहे, आणि त्याच्याच घरातून त्याच्या तोंडाला काळं फासलं जातंय, हे मला त्या क्षणी लख्ख दिसलं. खरं सांगायला मी तोंड उघडलं. अगदी खरं, कप्तानासकट. पण तोंडातून जे निघालं ते निराळंच निघालं, आणि एकदा निघाल्यावर ते इतकं सरळ पुढे गेलं की मला अडवता आलं नाही. ऐकून ह्यांनी डबा खाली ठेवला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, “वेडे, एवढं एकटीनं सोसलंस?” आणि टोपी घालून तडक विश्वस्तांकडे गेले.

असो. पत्र लांबलं. वहिनीला नमस्कार, गुडघ्याला तेल.

तुझी धाकटी

ता. क. जे निघालं ते असं: तंबाखू तुझी आहे. निवृत्तीनंतर तू पाईपच्या नादी लागलास, वहिनीनं तुझा एक पाईप चोरून माझ्याकडे पाठवला, मी तो घाईत ह्यांच्या कोटात लपवला, आणि तुझी सवय हळूहळू सुटावी म्हणून मीच तुला थोडी थोडी तंबाखू विकत घेऊन पाठवते. तू साधी खोकल्याची गोळीही कधी चघळली नाहीस हे मला ठाऊक आहे. पण त्या घटकेला दुसरा कोणी पुरुष आठवला नाही.

ता. क. २. विश्वस्तांना हे पटलं, पण ते भारी हिरमुसले. म्हणाले, मेहुण्याची तंबाखू सोडवून दाखवा, मग पदाचं बोलू. त्यामुळे हे गुरुवारी तुझ्याकडे येतायत, छातीचा दम मोजायला फुंकायचं यंत्र घेऊन, आणि शनिवारी तुला विश्वस्तांपुढे उभं करणार आहेत. म्हणजे तुला गुरुवारपर्यंत लागायला हवी आणि शनिवारपर्यंत सुटायला हवी. भरायची कशी, ओढायची कशी ते वर लिहिलंच आहे. सोबत पाईप आणि चेरीवाली पुडी पाठवते. पडदे, उशा आणि मफलर, तिन्हींना वास लागू दे. वहिनीला रडता आलं तर फार बरं.

ता. क. ३. नाटकातून पाईप हुकूमबाईंनी कालच काढून टाकला. त्यांना स्वतःलाच ठसका लागला. कप्तान आता दुर्बीण घेऊन बुडणार आहे.

ता. क. ४. मधल्या भावाचा डबा पाठवत नाही, मागू नकोस. आणि ओढून झाल्यावर तो पाईप टाकू नकोस, नीट पुसून, फडक्यात गुंडाळून, शनिवारी येताना गुपचूप माझ्या हातात दे. संध्याकाळी गच्चीवर गेलं की हात रिकामे वाटतात.