साडूपेक्षा मोठी शेगडी

२ नोव्हेंबर
लाकडाची शेगडी बसली. लोखंडी, काचेचं दार, साडूच्या शेगडीपेक्षा पाच इंच रुंद. साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, दोन घरं सोडून राहतो. माझं नशीब. बघायला आला आणि म्हणाला, खोलीच्या मानाने मोठी आहे. जळतो.
संकल्प: यंदा विजेचा हीटर बंद. माळ्यावर टाकला.

५ नोव्हेंबर
लाकूडवाल्याकडे वाळलेली आणि ओली, दोन्ही होती. ओली घेतली. जड, म्हणजे भरीव. साडू कुंपणावरून म्हणाला, ही पुढच्या वर्षी जाळा. विचारलं कोणी?

९ नोव्हेंबर, संध्याकाळ
धूर. काच काळी. लाकडांच्या टोकांना फेस. बायको म्हणाली, तुमच्या शेगडीने दात घासायला घेतलेत वाटतं. खिडक्या उघडाव्या लागल्या, म्हणून थंडी आली. शेगडीचा काही दोष नाही.

१७ नोव्हेंबर
बबडीला खोकला. आमची पाच वर्षांची पोर, बालवाडीतून आणला असणार. बायको धुराला बोल लावते. तिने हीटर खाली काढला, मी परत वर टाकला. दिवसभर दोघांचा अबोला. माझा जास्त पक्का होता.

२८ नोव्हेंबर
शोध: हवेची झडप जवळजवळ बंद केली की एक ओंडका दिवसभर पुरतो. साडूला मुद्दाम जाऊन सांगितलं. म्हणाला, असं धुमसत ठेवलंत तर धुराड्यात काजळीचं डांबर होईल आणि ते पेट घेईल, साफ करून घेईपर्यंत पेटवू नका. साफ करणाऱ्याचा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. चिठ्ठीने शेगडी पेटवायला गेलो. पेटली नाही.

६ डिसेंबर
बायको बबडीला घेऊन बहिणीकडे गेली. जाताना म्हणाली, तुम्ही आणि शेगडी सुखाने नांदा. घरात शांतता. उत्तम. अंगात दोन स्वेटर.

९ डिसेंबर, रात्री ११
दोघींना संध्याकाळी बोलावून घेतलं. एक जुनी खुर्ची तोडून शेगडीत घातली, झडप पूर्ण उघडली. वार्निशचं लाकूड झकास पेटतं. बबडीने स्वतःहून कोट काढला. बायकोकडे बघितलं. शेगडीजवळ येऊन बसली.
मग धुराड्यातून विमान उडावं तसा आवाज. मी म्हणालो, याला ड्राफ्ट म्हणतात, हवेची ओढ. पाइप लाल झाला. बायको बबडीला उचलून पळाली. मी बादलीभर पाणी ओतणार, तेवढ्यात साडू आत घुसला. तापलेलं लोखंड फुटेल म्हणत बादली हिसकावली, शेगडीचं दार लावलं, झडपा बंद केल्या आणि मला कॉलर धरून बाहेर काढलं. कॉलर फाटली. बाकीचं अग्निशमनवाल्यांनी केलं. छप्पर वाचलं.
अंगणात बबडी साडूच्या कडेवर रडत होती. मी हात पुढे केले. आली नाही.

१४ डिसेंबर
धुराडं साफ करणारा आला. दीड बादली काजळी निघाली. म्हणाला, लाकडं ओली, झडप बंद, दुसरं काय होणार. उद्धट माणूस. पाइप नवा बसवला. शेगडी कोण वापरतं, विचारलं त्याने. तेवढ्यापुरती बहिणीकडून आलेली बायको म्हणाली, आता मी.

२० डिसेंबर, दुपारी ४
दोघी परत आल्या त्याला चार दिवस झाले. बायको पेटवते. साडूंनी दिलेली वाळलेली लाकडं, एक काडी, धूर नाही. बबडीचा खोकला थांबला.
साडूंना थँक्यू म्हणायला गेलो. दारात उभा राहून म्हणालो, तुमचा लाकडांचा ढीग कललाय. ते म्हणाले, बरं. चहा दिला. थँक्यू राहून गेलं.
घरी आल्यावर बायकोने राखेचा डबा हातात दिला. राख टाकायचं काम माझ्याकडे आहे. म्हणाली, पूर्ण गार होईपर्यंत टाकायची नाही. म्हणून मागच्या पायरीवर डबा मांडीवर घेऊन बसलोय, झाकणावर वही ठेवून लिहितोय.
डबा अजून कोमट आहे.