सिरिंज, स्प्रिंग आणि अप्पांची दोन बोटं

३ जानेवारी
अप्पांना नाकातल्या नळीने पेज सुरू होऊन महिना झाला. पक्षाघाताने वाचा गेली, उजवी बाजू गेली. डावा हात तेवढा हलतो. पेज दाट. आई सिरिंजचा दट्ट्या थोडा थोडा दाबते, वीस वीस मिनिटं. तिचा अंगठा सुजलाय. मी पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल शिकवतो आणि माझ्याच घरात ही अवस्था. संकल्प: स्प्रिंगवर चालणारी सिरिंज. पंधरा दिवसांत.
हे अप्पांसाठी की स्वतःसाठी? प्रामाणिकपणे विचार केला. अप्पांसाठी. पेटंटची चौकशी केली ती कुतूहलापोटी.

११ जानेवारी
पेज आंबते, म्हणून चाचणीला काकवी घेतली. दाटपणा साधारण तेवढाच. मोजला नाही. विद्यार्थ्याने असं केलं असतं तर मी मार्क कापले असते. सकाळच्या गारठ्यात काकवी हलेना. दुप्पट जाड स्प्रिंग बसवली. उत्तम.

१८ जानेवारी, सकाळी ८
पहिला प्रयोग. वीस मिनिटांचं काम चाळीस सेकंदांत. अपेक्षेपेक्षा जलद, पण यश ते यश. अप्पांनी दोन बोटं खाटेच्या लोखंडावर दोनदा वाजवली. आयुष्यातली पहिली शाबासकी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्याही.

२० जानेवारी
रोज दोन टकटक. नोंद: रुग्णाचा प्रतिसाद उत्साहवर्धक. आई म्हणते, खोकला वाढलाय. थंडी आहे.

२१ जानेवारी
आई म्हणाली, बंद कर ते यंत्र. माजलगावच्या मोंढ्यात, धान्याच्या आडतीवर, माप भरलं की अप्पा काट्यावर अशीच बोटं वाजवायचे. हमालाने ओतणं थांबवावं म्हणून. "ते बास म्हनायलेत रे, वैजू."
मी आडतीवर कधी बसलोच नाही, मला हे कसं ठाऊक असणार? शिवाय संदर्भ वेगळा. तरी स्प्रिंग नरम करीन. रविवारी.

२३ जानेवारी
पेज उलटून फुफ्फुसात गेली. बीडला दवाखान्यात आणलं.

२५ जानेवारी
नर्सने दट्ट्याच काढून टाकला. सिरिंज हातात उंच धरली, पेज आपोआप सावकाश उतरली. काहीच दाबावं लागलं नाही. घरी कशाने द्यायचात, तिने विचारलं. सिरिंजनेच, म्हणालो. खोटं नाही. आईने माझ्याकडे पाहिलं नाही.

२७ जानेवारी
डॉक्टर म्हणतात, आशा कमी. नरम स्प्रिंग बसवून यंत्र पिशवीतून नेलं. अप्पांना दाखवावं, एवढाच हेतू. पिशवी अप्पांच्या खाटेजवळ ठेवली. त्यांचा डावा हात चादरीबाहेर आला. लोखंडावर दोनदा. थांबून पुन्हा दोनदा.
"पिशवी दिसली त्यांला," आई म्हणाली.
पिशवी बाहेर बाकावर ठेवून आलो. बोटं थांबली होती.