दार बंद होणारी खोली

आये, आज आमच्या पोटविकारांच्या ओपीडीत एक बाई तिच्या मुलीबरोबर आली होती, आणि त्या गेल्यापासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुझ्याहून वयाने मोठी झालेय.

तू काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जायचीस. संध्याकाळी येऊन बांगड्याचं तिखलं करायचीस, बाबांना आणि मला वाढायचीस आणि स्वतः वाटीभर पेज घेऊन बसायचीस. चार घोट झाले की वाटी बाजूला. पोटात वारो धरलो म्हणायचीस आणि ओवा चघळायचीस. तुझी पोलकी सैल होत चालली होती. मी दहावीत होते. एक दिवस परसात तुला काळी उलटी झाली आणि मी धावत जाऊन शेजारच्या काकींना बोलावून आणलं. त्या गेल्यावर तू मला जवळ बसवलंस. आवाज चढवला नाहीस. "चेडवा, पोटातला असा चार लोकांत सांगतत? माका लाज वाटता."

बाबांनी दुसऱ्याच दिवशी जीप ठरवली आणि बांद्यावरून तुला गोव्याला नेलं. तिथे भरलेल्या वॉर्डात, सगळ्यांसमोर, डॉक्टर विचारतायत: शौचाला काळं होतं का, कधीपासून? आणि तू पदर तोंडावर घेऊन भिंतीकडे बघतेयस. ते बघणं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. गाठ जठरातून यकृतापर्यंत पोचली होती. भातकापणीच्या आधी तू गेलीस.

कुडाळजवळच्या आमच्या लहानशा इस्पितळात हा विभाग काढायचं ठरलं, तेव्हा नकाशा घेऊन मी विश्वस्तांसमोर बसले. त्यांनी वरचा मजला दिला होता, पडदे लावून. मी तळमजला मागितला, बाकांना लागूनच संडास मागितले आणि तपासायला दार बंद होणारी खोली मागितली. एक विश्वस्त म्हणाले, "डॉक्टर, पोट तपासायला पडदा पुरत नाही का?" तपासायला पुरतो, बोलायला पुरत नाही, असं मी सांगितलं. भांडण बरेच दिवस चाललं, पण खोली मिळाली. देवगडकडची माणसं उपाशीपोटी निघून तळेऱ्याला गाडी बदलून येतात, म्हणून दुर्बिणीच्या तपासणीला लांबच्यांचा नंबर आधी लावतो. तपासणी झाली, घशाचा बधिरपणा उतरला, की सिस्टर कोमट पेज देतात.

आजची बाई पहिल्यांदा आली ती गेल्या वर्षी. "माका काय एक झाला नाय. ह्या चेडवान माका ओढून हाडल्यान," म्हणाली. मी मुलीला बाहेर पाठवलं, दार लावलं, पंखा कमी केला आणि थांबले. बराच वेळ ती हातातला रुमाल चुरगळत राहिली. मग खालच्या आवाजात तिने सगळं सांगितलं. दुर्बिणीत जठरात लहानशी जखम दिसली, तुकडा तपासायला पाठवला. तुझाच आजार, पण अगदी सुरुवातीचा. गोव्यालाच ऑपरेशन झालं.

आज ती अंगाने भरलेली दिसली. थोडं थोडं करत आता घावणेसुद्धा खाते, आणि पहिल्यासारखी भांडतेही, असं मुलगी तक्रारीच्या सुरात सांगत होती. रिपोर्ट चांगले होते. जाताना मुलीने तिच्या हातातली पिशवी घेतली, तिने ती परत ओढून घेतली, आणि दोघी तशाच वाद घालत व्हरांड्यातून गेल्या. मी पुढच्या पेशंटला जरा थांबायला सांगितलं.

तुला लिहिलेले हे कागद मी कुणाला दाखवणार नाही. सिस्टर म्हणाल्या, आज तुमच्या आईला किती बरं वाटलं असेल. मी मान हलवली. तुला म्हणून सांगते, आये. त्या व्हरांड्याकडे बघताना मला कसलंच समाधान वाटलं नाही. मला त्या मुलीचा हेवा वाटला.