नंदूच्या भाकरीवरचं लोणी

छत्रपती संभाजीनगर
२ सप्टेंबर

ती. अक्का,
तुमच्या धाकट्या जावेचा नमस्कार. लासूरला तुम्ही, भाऊजी, नानासाहेब सगळे बरे असाल. आम्हीही बरे आहोत. तुमच्या दिरांची शेंद्र्याच्या कंपनीत पहिली पाळी चालू आहे. मला दवाखान्यात या महिन्यात दिवसाची ड्युटी मिळाली.

पत्र बघून दचकू नका. विचारायचं होतं ते लोण्याचं, भाकरीवर ते नसलं की आपली नंदू जेवत नाही. तुमच्याकडं कसं चुटकीसरशी येतं, इथं माझ्याकडून काही केल्या जमत नव्हतं.

पिशवीच्या दुधाला नुसता पापुद्रा येतो. म्हणून पडेगावच्या कडुबा गवळ्याकडं म्हशीचं दूध लावलं. धार काढून तो थेट दारात येतो. दूध तापवून निववायचं, साय काढून ठेवायची, एवढं केलं. पण विरजण लावायला उशीर झाला अन् साय कडवट झाली. सगळी फेकली. दुसऱ्या खेपेला मिक्सरला लावली, तर भांडं तापलं आणि लोण्याऐवजी नुसता तेलकट फेस. ओट्याशी उभी राहून रडले मी. तुमचे दीर म्हणाले, "अगं, दुकानात मिळतं की!" आणलंही. नंदूनं बोट लावलं, तोंड वाकडं केलं. "हे खारट आहे. हे लोणी नाय." ताट सरकवून दिलं.

शाळेसाठी तिला इकडं आणल्यापासून ती नीट जेवतच नाही, अक्का. डबा भरलेला परत येतो. फ्रॉक अंगावर लोंबतोय. दवाखान्यात मी दुसऱ्यांच्या लेकरांना औषध पाजते, त्यांच्या आयांना धीर देते, अन् माझं सगळं लक्ष घड्याळाकडं. घरी आले की बसवत नाही. घासलेली भांडी परत घासते.

परवा रविवारी गुलमंडीवरून लाकडी रवी आणली. विरजलेली साय पातेल्यात काढली आणि नंदूला जवळ बसवलं. म्हटलं, "तूच सांग, कसं करायचं."
"आधी हळू. आवाज बदलला की गार पाणी टाकायचं."
घुसळत राहिले. हात भरून आले, सोडून द्यावंसं वाटलं, अन् एकाएकी रवी जड झाली. कडेला कण दिसले, मग गोळा जमला, पांढराशुभ्र! धुवून गरम भाकरीवर ठेवला. नंदूनं अख्खी भाकरी संपवली. मी समोर फरशीवरच बसून बघत राहिले.

मग बोटं चाटत तिनं विचारलं, "मम्मी, मी ताक सांडलं म्हणून आईनं मला पाठवून दिलं का?"

आई म्हणजे तुम्ही.

"असं कोण म्हणालं?"
"मग ती फोन का करत नाय?"

'तिला माझी सवय लागू द्या, काही दिवस फोन करू नका,' असं मीच तुम्हाला म्हणाले होते. तुम्ही एका शब्दानं उलट बोलला नाहीत. तान्ही असताना तुमच्या पदरात टाकून मी नोकरीवर आले, शनिवारी पाहुणीसारखी यायचे. तिचं न्हाणंधुणं, दुखणंखुपणं सगळं तुम्ही काढलं. मला वाटलं, तुम्ही नजरेआड झालात की ती माझ्याकडं वळेल. लेकरू त्याचा अर्थ काय लावेल, हे डोक्यातच आलं नाही.

तिला जवळ घेऊन सांगितलं, "तू काही केलं नाहीस. फोन मीच बंद करायला सांगितला."
तिनं माझ्याकडं टक लावून बघितलं. म्हणाली, "मग चालू कर."

फोन हातात घेतला. तुमच्या नावावर बोट नेलं अन् हिंमतच झाली नाही. तेव्हापासून या खोलीतून त्या खोलीत फिरतेय. सारखं वाटतं, तुम्हाला मी जे तोडून बोलले ते फोनवर कसं सावरू? म्हणून लिहिलं. तुमच्या दिरांचे मित्र शिवराज उद्या लासूरला येणार आहेत, त्यांच्या हाती पत्र देते.

वाचून झालं की तुम्हीच फोन लावा. मला बोल लावायचे तर मागून लावा, आधी तिच्याशी बोला. ती फोनजवळच बसून असते.

शनिवारी शाळा सुटली की आम्ही दोघी रेल्वेनं निघतो. आता दर शनिवारी. तुम्ही इकडं राहायला आलात तर माझी काही तक्रार नाही, उलट जीव थाऱ्यावर येईल माझा. पण ते मागायचा हक्क मी ठेवलाय का, हे तुम्हीच समोरासमोर सांगा.

तुमच्या लेकीला घेऊन येणारी,
अपेक्षा