छोट्या भट्टीची चिप, मोठ्या भट्टीत

१२ जाने. ८७, सोमवार. बेळगाव

निपाणीच्या कारखान्यातून सकाळी फोन. पहिल्याच दिवशी कडक करायला भट्टीत घातलेले सगळे गिअर वाकडे. भट्टीचं तापमान सांभाळणारा कंट्रोलर आमच्या वर्कशॉपचा, त्यातल्या चिपमध्ये आकडे मी भरलेले. उद्यमबागेत आमच्या चाचणीच्या छोट्या भट्टीवर हीच चिप बिनचूक चालत होती. वर्कशॉप चालवणारे जोशी सर म्हणाले, "चालवणाऱ्याची चूक असणार." जेवणाचा डबा तसाच घरी परत आणला. आईला सांगितलं, भूक नव्हती.

१३, मंगळ.

एसटीनं निपाणीला. भट्टी सांभाळणारे बसाप्पा सदलग्याचे. त्यांना मालकांनी कालच घरी बसवलंय. चुकीची बटणं दाबली म्हणे. पॅनेलवर आकडे तर बरोबर. मग वेगळा तापमापक आत घालून पाहिलं. पॅनेल दाखवतं त्याहून आतली उष्णता कितीतरी जास्त.

किती तापवायचं, किती वेळ, हे सगळ्या भट्ट्यांना सारखं. सेन्सर किती चुकीचं दाखवतो त्याची दुरुस्ती मात्र ज्या त्या भट्टीची. आम्ही दोन्ही एकाच चिपमध्ये ठेवलं आणि चाचणीची चिप जशीच्या तशी इथं आणून बसवली. आमच्या सेन्सरची दुरुस्ती मोठ्या भट्टीला लागली. बसाप्पांनी काही केलंच नव्हतं.

तिथं कुणाला बोलले नाही.

१५, गुरु.

सरांना सांगितलं. त्यांनी आधी दार लोटून घेतलं.

"हे मालकांना कळलं तर ऑर्डर गेली. वर्कशॉप बंद. नवी चिप गुपचूप बसवून ये."

"आणि बसाप्पा?"

"मिळेल त्यांना दुसरीकडं काम."

सर वाईट नाहीत. वस्ती, आडनाव काही न विचारता मला नोकरी त्यांनीच दिली. म्हणूनच पुढं बोलता येईना.

१६, शुक्र.

कंट्रोलरच्या बोर्डावर चिपचं दुसरं सॉकेट रिकामंच होतं. आता दोन चिपा. वेळ-तापमानाची इथं तपासून पाठवायची. सेन्सरची भट्टीतच कायम, तिथंच मोजून भरलेली, तिला हात लावायचा नाही. आमच्या भट्टीत मुद्दाम दुसरा सेन्सर लावून पाहिला, त्याचीही चिप वेगळी भरली. वेळ-तापमानाची तीच ठेवली. बरोबर चाललं. एवढं सोपं होतं. रडू आलं, बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

१७, शनि.

घरी आप्पांना सगळं सांगितलं. आयुष्यभर मार्केट यार्डात पोती उचललेला माणूस. वाटलं, ते काहीतरी ठाम सांगतील.

"सांगू नको म्हनत न्हाय मी. पर नोकरी गेली तर तुला दुसरं कोन घेनार गं?"

आई भाकरी थापत राहिली.

१९, सोम.

निपाणी. सेन्सरची चिप तिथं मोजून भरली, दुसरी बेळगावहून नेलेली. पॅनेल आणि तापमापक एकच आकडा दाखवतात. पहिला माल चांगला निघाला. मालक खूश. "बघा, मानूस बदलला की काम बरोबर हुतंय."

तोंडातून गेलंच. "त्यांची चूक नव्हती. आमची चिप चुकली होती."

"जोशींना ठावं हाय हे?"

"हो."

"बरं," म्हणाले आणि केबिनमध्ये गेले. बसाप्पांचं नाव काढलं नाही.

२०, मंगळ.

निपाणीच्या मालकांचा सरांना फोन येऊन गेला असणार. चिप भरायचं यंत्र माझ्या टेबलावरून उचलून कपाटात ठेवलंय. कुलूप आहे. किल्ली मागितली नाही. भीती वाटली.

२१, बुध.

रजा टाकली. सदलगा. विचारत विचारत बसाप्पांचं घर. त्यांच्या बायकोनं पाणी दिलं. बसाप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

"गावात म्हनत्यात, बसाप्पानं माल जाळला. त्यास्नी कोन सांगनार?"

"मी सांगते. मालकांसमोर परत सांगते."

"मालकांनी बोलावलंय व्हय मला?"

"अजून नाही."

"आन् तुमास्नी तरी ठेवत्यात काय आता कामावर?"

यंत्र कुलपात गेलं, तेवढं सांगितलं. ते उठले, शर्ट घातला, म्हणाले, "चला, स्टँडपर्यंत येतो." वाटेत दोन-तीन जणांनी आमच्याकडं पाहिलं. बसाप्पा कुणाशी बोलले नाहीत, पण रस्ता बदलला नाही.

उद्या निपाणीला जाईन. मालक भेटतील का, माहीत नाही.