बाबांच्या गाडीतला पिवळा दिवा

३ मार्च, सोमवार
बाबांची गाडी विकायची ठरली. घेणारा रविवारी येतोय. बाबांना जाऊन बेचाळीस दिवस झाले. सीट अजून त्यांच्या उंचीला पुढे ओढलेली. मागे सरकवली नाही — तशीच गुडघे आखडून बसले.

४ मार्च
कागदांवर सह्या करायला आईला शेजारी बसवून नेलं. पुलाच्या उतारावर स्क्रीनवर पिवळा दिवा — ‘पुढच्या कॅमेऱ्याशी संपर्क नाही. चालक सहाय्य बंद.’ दोन सेकंद. गेला!
बाबा नेमकं हेच सांगायचे. मी काम करते त्या वर्कशॉपमध्ये दोनदा गाडी नेली होती. आमची रीत — आधी गाडीच्या संगणकात नोंदलेले बिघाडाचे जुने कोड पुसायचे, मग चालवून बघायचं, कोड परत आला तरच दोष. परत आला नाही. “गाडी ठणठणीत आहे,” फोरमन म्हणाला, “आता मालकाला तपासून आण!” मी हसले होते. घरी येऊन बाबांना म्हणाले, “तुम्हाला भास होतोय.” किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली. मग ते घराबाहेर फारसे पडलेच नाहीत.

५ मार्च
एकटीने सत्तर किलोमीटर. काही नाही.

६ मार्च
रजा टाकली. कॅमेरा, प्लग, फ्यूज, अर्थिंग — सगळं चोख. पाठ धरली. जेवले नाही.

७ मार्च
फोरमनला फोन केला. “अगं, दिवा लागला त्या दिवशी वेगळं काय होतं?” म्हणाला.
आई होती!
शेजारच्या सीटवर पाण्याचे दोन मोठे कॅन ठेवले, खड्ड्यांच्या रस्त्याने गेले. लागला! सीट काढली. ती सरकते त्या रुळाखाली कॅमेऱ्याच्या तारा दबलेल्या, एकीचं आवरण घासून तांबं उघडं पडलेलं. वजन पडलं, हादरा बसला की ती पत्र्याला टेकते आणि कॅमेरा गप्प. बाबा आईशिवाय कुठे जायचेच नाहीत. मी दोन्ही वेळा एकटी तपासत होते.
तार बदलली. हात धुतले. बाबा खरं सांगत होते. आता हे कळून काय उपयोग?

८ मार्च
आईला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.
“ठाऊक आहे गं. तो दिवा मीही बघायचे. पण रस्ता ओलांडणारी माणसं त्यांना दिसेनाशी झाली होती — दोनदा मी ओरडले म्हणून वाचलो. तू किल्ली घेतलीस आणि मी सुटले. तेव्हा दिव्याचं बोलले असते तर तू ती परत दिली असतीस.”
हो. दिली असती.