मोरपिशी झगेवाला पडला होता

शनिवार, १४ ऑगस्ट २००४, सांता क्लारा

शिरीषला सोडणार नाही. आज सगळे आमच्याकडे बॉक्सिंग बघायला जमले होते. मोरपिशी झगा घालून नाचत रिंगमध्ये येणारा तो ब्रिटिश बॉक्सर, शिरीषचा लाडका, म्हणे कधी खाली पडलाच नाही! मी म्हटलं, पडला होता, त्याच्या हाडवैऱ्यानेच पाडला, लंडनच्या प्रोजेक्टवर असताना मी स्वतः रेकॉर्ड केलंय. तर म्हणतो, “वहिनी, तुम्ही चहाचं बघा ना!” सगळे हसले. निखिलसुद्धा. माझा नवरा!

तडक कॅसेट आणून लावली. स्क्रीनवर नुसत्या राखाडी पट्ट्या. तिकडची कॅसेट इकडच्या व्हीसीआरवर चालत नाही, हे मी, इंजिनिअर असून, विसरले कशी? शिरीष म्हणाला, “वहिनी, पडला का हो?” पुन्हा हशा. त्या पट्ट्या अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत.

असू दे. सोमवारीच कॅसेट कन्व्हर्ट करायला टाकते. पुढच्या शनिवारी शिरीषकडे सत्यनारायण आहे. टीव्हीही मोठा आहे त्याचा. प्रसादाच्या शिऱ्याचा घास त्याच्या तोंडात गेला, की प्ले दाबणार. झगेवाला आडवा झाला, की गोड आवाजात विचारणार, “भावजी, चहा टाकू का?”